चकतीभांडाराचा तलाठी

एखाद्या सर्व्हरला ५० जीबीचा खंड तोडून देणे हे काम, ज्याचा त्यात हात बसलेला आहे त्याच्याकडून, फार तर दहा मिनिटांत उरकते. आणि चुकीच्या सर्व्हरला चुकीचा खंड देणे हे कामही तेवढ्याच दहा मिनिटांत, तेवढ्याच बिनबोभाट, पडद्यावर कार्य सिद्धीस गेल्याचे तेच वाक्य उमटवून पार पडते. यंत्राच्या दृष्टीने या दोन कामांत तिळमात्र भेद नाही, आणि तो नसणे हेच या विद्येतले मुख्य दुखणे आहे. स्टोरेजच्या खात्यात नव्याने दाखल झालेले तरुण आज्ञांच्या याद्या पाठ करतात, निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांच्या पडद्यांची चित्रे जमवून ठेवतात, आणि एवढे झाले म्हणजे वाटपाचे काम आले असे समजून चालतात. मीही एके काळी तसेच समजत होतो. आज्ञा शिकायला आठवडा पुरतो. पुढील मजकूर त्या आठवड्यानंतरच्या शिक्षणाविषयी आहे.

ज्याचे वाटप करावयाचे ती वस्तू कोणती, हे प्रथम पाहू. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक यंत्राबरोबर जे पहिले चकतीभांडार बाजारात आणले, त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून ५० लाख अक्षरे मावत. त्या काळी एक यंत्र आणि त्याचे एक भांडार असा एकास एक संसार असल्यामुळे वाटपाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो उद्भवला तो भांडार स्वतंत्र होऊन अनेक यंत्रांची सामाईक मालमत्ता बनले तेव्हा. १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी स्वस्त चकत्यांची फळी बांधून एका महागड्या चकतीचे काम करून घेण्याची युक्ती निबंधरूपाने मांडली, तिलाच आज आपण रेड म्हणतो. आणि १९९० साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील हॉपकिंटनच्या ईएमसी कंपनीने सिमेट्रिक्स नावाचे २४ जीबीचे यंत्र विक्रीस काढले. २४ जीबी! आज तेवढी जागा खिशातल्या फोनलाही अपुरी पडते. पुढे याच घराण्यात २००३ साली डीएमएक्स, २००९ साली व्हीमॅक्स आणि २०१८ साली पॉवरमॅक्स ही यंत्रे निपजली, आणि दरम्यान २०१६ साली ती कंपनीच डेलच्या पदरात पडली. माझी उमेदवारी या घराण्याच्या यंत्रांवर झाली असल्यामुळे दाखले तिथले देईन; हिताची, आयबीएम किंवा नेटॲप यांच्या यंत्रांवर शब्द बदलतील, पण व्यवहार बदलणार नाही.

भांडारातून सर्व्हरला तोडून दिलेल्या तुकड्याला मी येथे खंड म्हणत आहे. कचेरीत त्याला कोणी खंड म्हणणार नाही; तिथे चालतो तो शब्द लन. वास्तविक लन हे त्या तुकड्याचे नाव नसून सर्व्हरला तो ज्या क्रमांकाने दिसतो त्या क्रमांकाचे नाव आहे. परंतु सातबारा हे गाव नमुना सात आणि बारा या कागदांचे नाव असताना आपण जसे जमिनीलाच ‘माझा सातबारा’ असे बेलाशक म्हणतो, तसेच हे झाले आहे. बोलण्यापुरते ते चालेल, कामात चालणार नाही. कारण एकाच खंडाला किमान तीन नावे असतात: ॲरेच्या, म्हणजे या सामाईक भांडाराच्या, आत त्याचा स्वतःचा क्रमांक, उदाहरणार्थ ०१सी८, ज्या दरवाजाने तो सर्व्हरला दाखवला त्या दरवाजावरचा लन क्रमांक, समजा १७, आणि सर्व्हरने आपल्या घरी ठेवलेले नाव, जे विंडोजवर ‘डिस्क ४’ असेल, तर लिनक्सवर ‘एसडीके’ असेल. यांतले तिसरे नाव तर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केल्यावर बदलूही शकते. एकाच शेताला जुना सर्व्हे नंबर, एकत्रीकरणानंतरचा गट नंबर आणि गावकऱ्यांच्या तोंडचे ‘वडाचा मळा’ अशी तीन नावे असावीत, आणि भाऊबंदकीच्या दाव्यात प्रत्येक पक्षकाराने वेगळे नाव घेऊन भांडावे, तशी अवस्था मग होते. तलाठ्याचे काम ही तिन्ही नावे एका ओळीत मांडून ठेवण्याचे. आपलेही काम मुख्यतः तेच आहे, आणि म्हणून स्वतःला अभियंता समजण्यापूर्वी नवशिक्याने काही काळ तलाठी समजावे, असे माझे मत आहे.

तलाठ्याला निदान शिवारात फिरता येते. आपल्याला तेही नाही. हिंजवडीत किंवा ऐरोलीत रात्रपाळीला बसून ज्या ॲरेला हात घालावयाचा तो कदाचित समुद्रापलीकडच्या एखाद्या गावी, कुलूपबंद दालनात उभा असतो. नोकरीची दहा वर्षे त्याच्यावर काढूनही त्याचे कपाट डोळ्यांनी न पाहिलेले लोक मला ठाऊक आहेत. कागद आणि शिवार यांचा मेळ बसतो की नाही, हा प्रश्न त्यामुळे आपल्याकडे अधिकच बिकट होतो. पेशवाई बुडाल्यानंतर प्रिंगल यांनी दख्खनेत जी पाहणी व जमाबंदी केली, ती मोजणीतील चुकांमुळे आणि अवाजवी आकारणीमुळे टिकली नाही, आणि १८३० नंतरच्या दशकात गोल्डस्मिड व विंगेट यांना इंदापूर तालुक्यापासून तेच काम नव्याने हाती घ्यावे लागले, हा इतिहास आपल्या धंद्यातील माणसाने अवश्य आठवावा. सिमेट्रिक्सच्या यंत्रांवर ज्या संगणकावरून आपण हुकूम सोडतो, त्यावर ॲरेच्या रचनेची एक नक्कल साठवलेली असते. दुसऱ्या कोणी दुसऱ्या संगणकावरून फेरफार केला, तर आपल्याकडची नक्कल जुनीच राहते आणि ‘मोकळा’ म्हणून दिसणारा खंड प्रत्यक्षात तासाभरापूर्वीच कोणाच्या तरी कब्जात गेलेला असू शकतो. म्हणून कामास बसताच पहिली आज्ञा ‘सिमसीएफजी डिस्कव्हर’ ही द्यावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत चहा घ्यावा. घाई करू नये.

आता मागणीविषयी. अर्जात बहुधा एकच ओळ असते: अमुक सर्व्हरला एक टीबी जागा हवी. हा अर्ज अर्ज नव्हे. कोणता टीबी, इथून विचारपूस सुरू झाली पाहिजे, कारण चकती बनवणारा कारखाना दहाच्या पटीत मोजतो आणि सर्व्हर १,०२४ च्या पटीत मोजतो. कारखान्याचा एक टीबी सर्व्हरच्या मापाने ९३१ जीबी भरतो, आणि मग उरलेले ९३ जीबी तुम्हीच कुठे तरी गिळले असा आरोप डेटाबेसवाल्यांकडून येतो. जुन्या डीएमएक्सवर तर माप सिलिंडरमध्ये द्यावे लागे: एक सिलिंडर म्हणजे १५ ट्रॅक, डीएमएक्स-३ पासून एक ट्रॅक म्हणजे ६४ केबी, म्हणजे सिलिंडर ९६० केबीचा. त्या हिशेबाने १०० जीबीचे १,०९,२२६ पूर्णांक आणि वर दोन तृतीयांश सिलिंडर होतात. हे दोन तृतीयांश सोडून देण्याचा मोह होतो. सोडू नयेत, कारण पुढे कधी तरी याच खंडाची दुसऱ्या ॲरेवर प्रत ठेवण्याचा प्रसंग येतो, आणि प्रतीचा खंड मूळ खंडाहून एका सिलिंडरनेही लहान असला तर जोडणी होत नाही. आकडा नेहमी वरच्या बाजूस पूर्ण करावा. त्याहून उत्तम म्हणजे संस्थेपुरती दोन-चार मापे कायमची ठरवून टाकावीत, ५०, १००, २५० आणि ५०० अशी, आणि अर्जदाराने १३७ जीबी मागितले तरी त्याला १५० देऊ नयेत, पन्नासाचे तीन द्यावेत. अशा ठरीव मापांचे खंड परत आल्यावर दुसऱ्याला जसेच्या तसे उपयोगी पडतात, विषम मापांचे खंड मात्र शिंप्याच्या दुकानातील चिंध्यांसारखे साचत जातात.

दुसरा प्रश्न, हा खंड एकाच सर्व्हरने वापरावयाचा की अनेकांनी. व्हीएमवेअरचे व्हीएमएफएस किंवा ओरॅकलचे एएसएम ही व्यवस्था अनेक सर्व्हरांनी एकाच खंडावर नांदावे या हिशेबानेच रचलेली आहे, तेव्हा तिथे सामाईक खंड देणे योग्य आणि आवश्यकही आहे. एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ तशी नाही; त्यांवर दोन सर्व्हर एकाच वेळी लिहू लागले की प्रत्येकाला आपणच एकटे मालक आहोत असे वाटत असते, आणि एकाने लिहिलेले दुसरा निःशंकपणे पुसत जातो. ॲरे यात मध्ये पडत नाही. त्याच्या लेखी दोघेही नोंदलेले कब्जेदार असतात.

तिसरा प्रश्न कामाच्या जातीचा, आणि इथे थोडे अंकगणित अटळ आहे. रेड १ मध्ये अर्धी जागा दुसऱ्या प्रतीत जाते. सात अधिक एक अशा रेड ५ मध्ये एक अष्टमांश, आणि सहा अधिक दोन अशा रेड ६ मध्ये एक चतुर्थांश. जागेचा हिशेब सर्वजण करतात. गतीचा हिशेब मात्र विसरतात. मिनिटास १५,००० फेरे घेणारी चकती सेकंदाला सुमारे १८० कामे करते, म्हणजे आठ चकत्यांची फळी १,४४०. परंतु रेड ५ मध्ये एक लहानसे लेखन करायचे तर जुना मजकूर वाचणे, जुनी पॅरिटी वाचणे, नवा मजकूर लिहिणे आणि नवी पॅरिटी लिहिणे अशी चार कामे चकत्यांना पडतात; तेव्हा शंभर विनंत्यांत साठ वाचनाच्या आणि चाळीस लेखनाच्या असतील तर चकत्यांवर शंभराचा नव्हे, दोनशे वीस कामांचा भार येतो, आणि १,४४० चे प्रत्यक्षात जेमतेम साडेसहाशेच हाती लागतात. ॲरेची स्मृती, म्हणजे कॅश, यातले पुष्कळसे झाकून नेते, आणि फ्लॅश आल्यापासून हा जाच फारच कमी झाला आहे. तरीही फिरत्या चकत्या अजून अनेक ठिकाणी राबत आहेत आणि जागा भरपूर असूनही सर्व्हर रडतो आहे अशी तक्रार आली की उत्तर बहुधा याच गुणाकारात सापडते.

खंड सर्व्हरच्या हाती पोचण्याच्या वाटेवर दोन चौक्या आहेत, आणि नवशिक्यांची त्यांत नेहमी गल्लत होते. पहिली चौकी स्विचमध्ये असते, तिला झोनिंग म्हणतात. ती कोणाला कोणाकडे जाता येईल एवढेच ठरवते. दुसरी ॲरेमध्ये असते, तिला मास्किंग म्हणतात. आत आलेल्याला कोणते खंड दिसतील हे ती ठरवते. गावापर्यंत रस्ता असणे आणि गावच्या सातबाऱ्यावर नाव असणे यांत जो फरक, तोच इथे. दोन्ही चौक्यांवर सर्व्हर ओळखला जातो तो त्याच्या कार्डाच्या सोळा अंकी क्रमांकावरून, ज्याला डब्ल्यूडब्ल्यूएन म्हणतात. एका झोनमध्ये सर्व्हरचे एकच कार्ड ठेवावे हा शिरस्ता चांगला आहे आणि तो मोडण्याचे कारण सहसा नसते. सर्व्हरकडे जाणारे दोन स्वतंत्र मार्ग, दोन वेगळ्या स्विचांमधून, ठेवलेले असतात. त्या दोहोंत एकाच रात्री फेरफार करू नये. एक बाजू आज करावी, सर्व्हरवाल्यांकडून सर्व मार्ग शाबूत असल्याची खातरजमा करून घ्यावी, आणि दुसरी बाजू उद्या. व्यवस्थापकाला हे वेळखाऊ वाटेल. त्याला वाटू द्यावे.

व्हीमॅक्सपासून मास्किंग बरेच सुटसुटीत झाले: सर्व्हरच्या कार्डांचा एक गट, ॲरेच्या दरवाजांचा एक गट, खंडांचा एक गट, आणि या तिघांना बांधणारा एक व्ह्यू. एकदा व्ह्यू बांधला की खंडांच्या गटात नवा खंड टाकताच तो आपोआप सर्व्हरला दिसू लागतो. ही सोय जेवढी सुखाची तेवढीच घातक, कारण ज्या गटात आपण खंड टाकला त्या गटाला आणखी कोणते सर्व्हर बांधलेले आहेत हे आता वेगळे विचारावे लागते. पूर्वी प्रत्येक खंड प्रत्येक दरवाजावर हाताने नोंदवावा लागे तेव्हा ते आपसूक दिसत असे. सर्व्हरमागे एक स्वतंत्र गट, आणि सामाईक खंडांसाठी वेगळा गट, अशी विभागणी आरंभीच करावी. जाता जाता एक सूचना: सर्व्हरवर दोन-तीन एमबीचे चिमुकले खंड दिसले तर ते कोणाची चूक म्हणून काढून टाकू नयेत; ते गेटकीपर असतात, आणि ॲरेला हुकूम पोचवण्याची वाट त्यांच्यातूनच जाते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. डीएमएक्सचे दिवस होते, आणि ज्या संस्थेकडे मी होतो तिथे कामाचा तपशील रात्री फोनवरून सांगण्याची पद्धत पडून गेली होती. खंडांचे क्रमांक सोळाच्या पायावर लिहिलेले असल्यामुळे त्यांत ए पासून एफ पर्यंत अक्षरे येतात, आणि फोनवर बी आणि डी यांत फरक करणे हे मानवी कानाच्या शक्तीबाहेरचे आहे. मला ०१डी८ सांगितले गेले, मी ०१बी८ लिहून घेतले. ०१बी८ हा खंड सोलारिसच्या एका सर्व्हरकडे आधीच होता. मी तो विंडोजच्या नव्या सर्व्हरलाही दाखवला. ॲरेने हरकत घेतली नाही. दोन्ही खंड ५० जीबीचेच असल्यामुळे विंडोजवाल्यालाही अपेक्षित मापाची कोरी दिसणारी चकती मिळाली, त्याने तिच्यावर आपली मुद्रा उमटवली, आणि पुढचे काम सकाळवर टाकून तो घरी गेला.

सोलारिसचा सर्व्हर त्यानंतर चार दिवस निर्वेधपणे चालला, कारण चकतीवरील भागांचा नकाशा त्याने आधीच वाचून आपल्या स्मृतीत ठेवला होता. रविवारी नियमित देखभालीसाठी तो बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा पहिल्या सेक्टरमध्ये सोलारिसचा नकाशा नव्हता, विंडोजची मुद्रा होती. सकाळी सहा वाजता त्या सर्व्हरची देखरेख करणारे एक वयस्क गृहस्थ आले. त्यांनी कोणावर आवाज चढवला नाही. आपल्या कपाटातून एक फाइल काढली, जिच्यात त्यांनी त्यांच्या प्रत्येक चकतीचा ‘पीआरटीव्हीटीओसी’चा उतारा छापून, तारीख घालून, लावून ठेवला होता, आणि त्या कागदावरून त्यांनी नकाशा जसाच्या तसा पुन्हा लिहिला. मजकुराला धक्का लागलेला नव्हता. विंडोजवाल्याने त्या रात्री आळस केला नसता आणि चकती फॉरमॅट करून टाकली असती, तर त्या उताऱ्याचाही उपयोग झाला नसता. संध्याकाळी मला बोलावून त्या गृहस्थांनी एवढेच विचारले, की खंड दिल्यानंतर तो पोचला की नाही हे तुम्ही विचारलेत, पण कोणता पोचला हे का विचारले नाहीत?

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सोय यंत्रातच होती, ती मला ठाऊक नव्हती, एवढेच. प्रत्येक खंडाला एक बत्तीस अंकी जागतिक क्रमांक असतो आणि तो सर्व्हरलाही वाचता येतो. लिनक्सवर ‘मल्टिपाथ’ची यादी काढली की तो समोर येतो. व्हीमॅक्सच्या पिढीत त्याचे पहिले आठ अंक ६००००९७० असे असतात, ते यंत्राच्या जातीचे. पुढचे बारा अंक म्हणजे त्या विशिष्ट ॲरेचा अनुक्रमांक, जसाच्या तसा. शेवटच्या बारांच्या सहा जोड्या पाडाव्यात. समजा त्या ५३, ३०, ३०, ३१, ४३, ३८ अशा आहेत. यांतली प्रत्येक जोडी हे एका अक्षराचे सांकेतिक रूप आहे: ५३ म्हणजे एस, ३० म्हणजे शून्य, ३१ म्हणजे एक, ४३ म्हणजे सी, ३८ म्हणजे आठ. वाचा: एस, ००१सी८. म्हणजे सर्व्हरच्या हाती पडलेल्या चकतीवर तिच्या गावाचे आणि गटाचे नाव कोरलेले आहे, शेताच्या बांधावरील दगडासारखे. हा उतारा सर्व्हरवाल्याकडून लेखी मागवावा, आपल्या नोंदीशी ताडून पाहावा, आणि मगच त्याला चकती वापरण्यास मोकळीक द्यावी. या एका रुजवातीला दोन मिनिटे लागतात. ती न करता दिलेला एकही खंड माझ्या हातून त्यानंतर गेलेला नाही, आणि क्रमांक फोनवर तर मी कोणाकडून घेतच नाही. लिहून पाठवा, म्हणजे तो नुसता उचलून डकवता येईल, असे सांगतो.

ॲरेला हुकूम देण्यापूर्वीही पडताळणीच्या पायऱ्या आहेत. ‘सिमकॉन्फिगर’ला हवे असलेले बदल एका फाइलमध्ये लिहून द्यावे लागतात, आणि ती फाइल तीन प्रकारे चालवता येते: प्रिव्ह्यू केले तर भाषा शुद्ध आहे की नाही एवढे पाहिले जाते, प्रिपेअर केले तर प्रत्यक्ष ॲरेच्या स्थितीशी ते बदल ताडले जातात, आणि कमिट केले तर अंमल होतो. पुष्कळ जण थेट शेवटची पायरी चढतात, कारण ती पहिल्या दोन्ही पडताळण्या स्वतःच करून घेते. ते खरे आहे. पण मध्ये थांबून वाचण्याची जी संधी या पायऱ्यांत ठेवलेली आहे तिचा त्यात लोप होतो. फाइल आदल्या दिवशी लिहावी, प्रिपेअरपर्यंत चालवावी, दुसऱ्या सहकाऱ्याला वाचावयास द्यावी, आणि तीच फाइल, एका अक्षराचाही बदल न करता, ठरल्या रात्री चालवावी. आणि ‘फोर्स’ हा शब्द. यंत्राने नकार दिला की तो जोडला म्हणजे काम होते, हे ज्याला कळले तो फार लवकर धोकादायक होतो. यंत्र नाही म्हणते तेव्हा बहुधा त्या खंडावर कोणाचा तरी हक्क अजून चालू असतो.

थिन पद्धतीविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण आता सर्वत्र तीच चालते. यात सर्व्हरला ५०० जीबीचा खंड दिल्याचे दाखवले जाते, पण प्रत्यक्ष जागा तो जसजशी लिहील तसतशी सामाईक पूलमधून दिली जाते. सर्वजण आपली संपूर्ण मागणी एकाच वेळी वापरत नाहीत या अनुभवावर ही सगळी उदारता उभी आहे. कालव्याच्या पाण्याची मंजुरी धरणातील साठ्याहून अधिक क्षेत्राला देऊन ठेवावी, तसला हा व्यवहार, आणि चैत्र-वैशाखात सगळ्यांच्याच उसाला एकदम पाणी हवे झाले म्हणजे जे होते तेच इथेही होते. पूल भरला की त्यातून नवी जागा मागणारे प्रत्येक लेखन अडते, मग तो सर्व्हर उधळ्या असो की काटकसरी असो. म्हणून किती जागा दिली याहून किती कबूल केली आणि पूल दर आठवड्याला किती वाढतो हे दोन आकडे भिंतीवर लावून ठेवावेत. पूल किती टक्के भरल्यावर नवे वाटप तहकूब करावयाचे ती मर्यादा आधीच लेखी मंजूर करून घ्यावी; नव्या चकत्यांची खरेदी होऊन त्या कपाटात बसेपर्यंत आपल्याकडे किती महिने जातात, यावरून ती काढता येते. तोंडी ठरवलेली मर्यादा पहिल्याच तातडीच्या अर्जाला वाकते.

सराव कुठे करावा, असा प्रश्न येणारच, कारण कोट्यवधी रुपयांच्या ॲरेवर हात बसवून घेऊ देणारी संस्था विरळा. त्यासाठी घरचा साधा संगणक पुरेसा आहे. त्यावर लिनक्सची तीन आभासी यंत्रे उभी करावीत; एकावर ‘टार्गेटसीएलआय’ने काही खंड तयार करून ते आयस्कझीने दाखवावेत, आणि उरलेली दोन सर्व्हर समजावीत. कोणाला कोणता खंड दिसेल हे तिथे प्रत्येक सर्व्हरच्या आयक्यूएन नावावरून ठरते, म्हणजे मास्किंगचा पूर्ण धडा फुकट मिळतो. मग मुद्दाम एक पाप करावे: एकच ईएक्सटी४ खंड दोघांनाही दाखवून दोन्हीकडे एकदम जोडावा, दोन्हीकडून फाइली लिहाव्यात, आणि थोड्या वेळाने दोन्हीकडची यादी ताडून पाहावी. एकीकडे लिहिलेली फाइल दुसरीकडे दिसत नाही, दुसरीकडची वाचायला गेले तर भलताच मजकूर निघतो, आणि तरीही दोन्ही यंत्रे सर्व काही सुरळीत असल्याचे सांगत राहतात. हा देखावा एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस खंडाचा क्रमांक दोनदा वाचतो.

शेवटी खंड परत घेण्याविषयी. देण्यापेक्षा हे काम अवघड आहे, आणि त्याची शिकवणी कोणी देत नाही. सर्व्हर मोडीत निघाला, खंड मोकळा करा, असा अर्ज आला की प्रथम त्या खंडावर गेल्या काही दिवसांत वाचन-लेखन होत आहे की नाही हे ॲरेवरून पाहावे. मोडीत निघालेला सर्व्हर सेकंदाला चाळीस लेखने करत असलेला मी पाहिलेला आहे. क्रमही सांभाळावा लागतो. व्हीएमवेअरच्या सर्व्हरांवर आधी डेटास्टोअर उतरवून चकती अलग करावी आणि नंतरच ॲरेवरचे मास्किंग काढावे. उलट केले तर सर्व मार्ग एकाएकी नाहीसे झालेला सर्व्हर त्यांची वाट पाहत लटकून बसतो. लिनक्सवर जुने मार्ग पुसून न टाकता त्याच लन क्रमांकावर दुसरा खंड दिला, तर सर्व्हर नव्या शेतात जुन्याच नकाशाने नांगर घालू शकतो.

आणि मास्किंग काढले म्हणजे खंड लगेच नष्ट करू नये. मी पंधरा दिवस तो तसाच, कोणालाही न दाखवता, मजकुरासह ठेवतो. नोंदवहीत कोणत्या सर्व्हरच्या कोणत्या कार्डांना, कोणत्या दरवाजांवर, कोणत्या लन क्रमांकाने तो दिलेला होता हे पूर्ण लिहून, समोर नाशाची तारीख घालतो. जागेची टंचाई असली की वरून तगादा लागतो. एका मार्चमध्ये अशा रीतीने ठेवलेल्या एका खंडाचा तेरावा दिवस चालू होता, तेव्हा लेखा विभागातून एक बाई स्वतः आमच्या मजल्यावर आल्या; वर्षभर ज्याला कोणी हात लावला नव्हता आणि म्हणून ज्याच्यावर शून्य हालचाल दिसत होती, त्या खंडावरच्या तक्त्यांची वर्षअखेरीच्या ताळेबंदासाठी आता गरज पडली होती. नोंदवही उघडली, त्याच दरवाजांवर, त्याच क्रमांकाने खंड पुन्हा जोडून दिला, बत्तीस अंकी उतारा मागवून ताडून पाहिला, आणि नाशाच्या तारखेवर काट मारली.